डावी नळी

५ फेब्रुवारी १९५८
कुडाळहून एस.टी.ने आलो. भिकाजीराव स्वतः उतरवून घ्यायला आले होते. माझी ट्रंकही त्यांनीच उचलली. फौजेत आठ वर्षं बंदुका दुरुस्त केल्या, पण पाय अधू झाल्यावर कोण कामाला ठेवतो? यांनी ठेवलं. माडीवर खोली आहे, खिडकीतून खाडी दिसते. घरातली दुनळी बंदूक साफ करून चालती ठेवायची आणि बागेत डुकरं येऊ द्यायची नाहीत, एवढंच काम. भिकाजीरावांचे धाकटे भाऊ परशुराम तीन वर्षांमागे शिकारीत थोरल्या भावाच्या हातून चुकून बार लागून गेले. पंचनाम्यानंतर बंदूक परत आली, पण तिला कुणी हात लावला नाही. परशुरामांच्या विधवा, सुभद्रावहिनी, यांनी बांगड्याचं तिखलं वाढलं. दोनदा भात मागून घेतला.

६ फेब्रुवारी
सकाळी नळ्या कुंद्यापासून सोडवल्या. उजवीत कढत पाणी ओतलं, तारेचा ब्रश फिरवला, मग गजाला फ्लॅनेलची चिंधी गुंडाळून ओढत राहिलो. बाराव्या चिंधीपर्यंत काळंच निघत होतं. त्या दिवशीच्या बाराची जळकी दारू तशीच राहिल्यानं आत गंजाचे खड्डे पडलेत.
डावी मात्र आरशासारखी. आत खोबरेल तेलाचा सुकलेला थर. एकच नळी कुणीतरी पुसून ठेवली होती. पण बार एकच झाला म्हणतात, म्हणजे ही उडालीच नव्हती, तर पुसली कशाला? विचारलं नाही. नवा माणूस मी.

८ फेब्रुवारी
आज डावी नळी काळी. ओली काजळी, वास ताजा. काडतुसं माझ्या ट्रंकेत, किल्ली जानव्याला. घरात बार झाला असता तर गाव जमलं असतं. पुसली. जेवून वर आलो तर पुन्हा काळी.

११ फेब्रुवारी
तीन दिवस पुसतोय. जाते आणि परत येते.
आज सुभद्रावहिनी पाण्याचा तांब्या घेऊन वर आल्या. त्या दिवशी त्या विहिरीवर होत्या, म्हणाल्या. पंचांनी त्यांचं ऐकून घेतलं नाही. मग सरळ विचारलं, "बाबलीभाऊ, तुमका बंदूक कळता. बार एक झालो काय दोन? माका दोन आयकाक इले."
मी म्हटलं, एकच. गावी, आंबोलीला परत जाऊन खायचं काय, हे डोक्यात होतं. त्या तांब्या ठेवून गेल्या.

१२ फेब्रुवारी
नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं. पलीकडे खिडकीचं गोल आभाळ दिसायला हवं. दिसलं नाही. पलीकडून नळीला डोळा लावलेला होता. पापणी मिटली, उघडली. नळी खाली घेतली तर खिडकीत कुणी नाही. माडीवरची खिडकी ती, बाहेर उभं राहायला जागाच नाही.

१३ फेब्रुवारी
भिकाजीरावांना नळी दाखवली. ते खाली बसले. मग म्हणाले, "पयलो बार चुकान लागलो. पण तो जिवंत होतो. माझ्याकडे बघी होतो."
भाऊ वाचला असता तर मुद्दाम मारलं असंच म्हणाला असता, बाग त्याच्या वाट्याला गेली होती — म्हणून दुसरा बार. डावी नळी त्यांनी तिथंच, भावाच्या शेजारी बसून पुसली, एकच बार दिसावा म्हणून. जाताना माझे हात धरून म्हणाले, रोज पुसा. मी हो म्हटलं.
का म्हटलं —

१४ फेब्रुवारी
माझ्या तळव्यांवर काजळी. राखेनं घासले. जात नाही. भातालाही दारूचा वास.
डोळा आता नळी न उचलता —

१५ फेब्रुवारी
वहिनींना माझं 'एकच' पटलं नसावं, पोलीस पाटलाला घेऊन येतायत. बंदूक बघायला. भिकाजीराव माडीचं दार बाहेरून ओढून गेले, म्हणाले — ती दोघं यायच्या आत पुसा. शेवटचं.
गज घातला. अर्ध्यावर अडकला. चिंधी जाड झाली असेल.
नाही. पलीकडून धरलाय. आत ओढला जातोय — मूठ सुटत नाही, उजवा हात तिथंच, डाव्यानं लिहितोय
जिन्यावर पावलं. वहिनी.
ओरडलो — दोन. दोन बार झाले, मी खोटं बोललो. पावलं थांबली. ऐकलं त्यांनी.
तरी सोडत नाही — मनगटापर्यंत आत — माझा हात नळीत कसा मावे