तुम्ही खादाड नव्हता

अहो,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. पंगतीत मी तुमच्या धाकट्या भावाला चारचौघांत बोलले. माझ्या माघारी कुणी तुमच्या फोटोपुढे गाऱ्हाणं घालण्याआधी माझ्याकडूनच ऐका, म्हणून लिहितेय.

भाऊजी चांदवडहून फरसाणाचा पुडा घेऊन आले. "दादाच्या पानावर ठेवा वहिनी, दादाला लय आवडायचं." ठेवलं मी. पंगतीत आपल्या मुक्तानं दुसरा वडा घेतला, तर म्हणाले, "बापावर गेलीस गं. तोही असाच खाऊन खाऊन गेला." पंगत हसली. मुक्तानं हातातला वडा पानाच्या कडेला ठेवला आणि उठून आत गेली.

ती आता अकरावी कॉमर्सला आहे. सोमवारी तिला वर्गापुढे उभं राहून बोलायचंय. विषय तिनंच निवडलाय: देशाचं उत्पन्न आणि लोकांचा लठ्ठपणा. आठवडाभर माझ्या पोळ्या होईस्तोवर ओट्यापाशी बसून ऐकवत होती.

"आई, देश गरीब असतो तेव्हा श्रीमंत माणूस जाड असतो. देशाकडे पैसा आला की जाडी हळूहळू गरिबाकडे सरकते. तेल, साखर, मैदा स्वस्त आणि फळं महाग, म्हणून."

"मग आपण कुठे आहोत?"

"मधे. आपल्याकडे उपाशीही आहेत आणि जाडही. कधी कधी एकाच घरात."

मी दहावी झालेली बाई, पण हे मला लगेच कळलं. कारण यातलं निम्मं मीच केलेलं. शेंगदाण्याचं तेल बंद करून पामतेलाच्या पिशव्या कुणी आणल्या? तुमच्या डब्यातलं केळं काढून बिस्किटाचा पुडा कुणी घातला? एकावर एक फुकट होता ना! महिनाअखेर शिल्लक पडली की हिशोबाची वही देवापुढे ठेवून मी हात जोडायची. त्या शिलकीत तुमची तब्येत जात होती, हे देवानं तरी सांगायचं होतं.

आणि तुम्ही! पिंपळगावच्या पॅकहाउसात बारा बारा तास उभे. द्राक्षांचा एकेक घड तपासून, डागी मणी कातरून, पेट्या भरून परदेशी पाठवायचात. तिकडच्या पोरांनी ती द्राक्षं खायची, आणि तुम्ही हायवेवरच्या गाड्यावर भजी-पाव. दुसरं मिळत काय होतं तिथे? पण मला एकदा सांगायचं तरी, की डबा पुरत नाही. काटकसर मोडेल म्हणून गप्प बसलात ना?

मीही कमी नव्हते. लग्नाकार्यात तुमच्या पानाकडे बघून "पुरे आता" म्हणायची, लोकांना ऐकू जाईल असं. तुम्ही हसून पान सरकवायचा. त्या हसण्याची आता मला लाज वाटते.

म्हणून काल राहवलं नाही. हातात खिरीचं पातेलं तसंच धरून म्हणाले, "भाऊजी, ते खाऊन गेले नाहीत. राबताना समोर जे स्वस्त मिळालं त्यावर दिवस काढून गेले. हसायचं तर मला हसा, घरातलं तेल माझं होतं."

"वहिनी, गंमत केली हो."

"मग आत जा आणि तिला जेवायला बोलवा."

गेले बिचारे. "मुक्ते, चल बाई, वडे गार व्हायलेत." ती आली नाही.

संध्याकाळी म्हणाली, "मी सोमवारी जाणार नाही. या विषयावर मी उभी राहिले की ऐकणार कोण? सगळे माझ्याकडे बघत बसतील."

"बघू देत. त्यांना सांग, माझे वडील द्राक्षं परदेशी पाठवायचे आणि स्वतः भजी खायचे. वर्गात हे दुसऱ्या कुणाला सांगता येईल?"

तिनं वहीचा कोपरा दुमडला. मग हळूच म्हणाली, "आणि पामतेलाचं?"

"तेही सांग. माझं नाव घेऊन सांग."

सकाळी पाहिलं तर तिनं पहिलं पान फाडून नव्यानं लिहायला घेतलं होतं. वर तुमचं नाव, खाली माझं.

तुम्हाला शब्द देते. तिच्या तब्येतीची काळजी मी स्वयंपाकघरात घेईन, पंगतीत नाही. आणि तिच्या पानाकडे बघून यापुढे कुणी हसलं, तर त्याला माझ्या हातचं वाढणं मिळणार नाही, मग तो तुमचा सख्खा भाऊ का असेना.

तुमचीच,
विमल