बिनपगारी जीप

मोहगाव (तहसील सौंसर)
दि. १४ डिसेंबर १९८६

आदरणीय मोतीराम भाऊजींना आणि आमच्या ताईला दादारावचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. वत्सलाची कंबर अजून धरते, पण बोलणं भरपूर चालू आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. तुमच्या रक्तदाबाचं काय? (ताई लिहिते की जेवणातलं मीठ बंद केलं, पण लोणचं चालू आहे. लोणचं काय साखरेत घालता का?) तुमचं कार्ड मिळालं. गावच्या रुग्णवाहिकेसाठी पैसे पाठवताना तुम्ही स्पष्ट अट घातली होती की यातला एक पैसाही कोणाच्या पगारात जाऊ नये, आणि आता विचारता की अट पाळली का. भाऊजी, याचं उत्तर कार्डात मावत नाही म्हणून लिफाफा घेतला. ताईला जवळ बसवून वाचा.

आमच्या समितीचे अध्यक्ष यशवंतराव, ज्यांचा नदीकाठी संत्र्याचा बगीचा आहे ते. सचिव मी (शाळेतला बाबू, अक्षर बरं, एवढ्याच गुणावर). पांढुर्ण्याच्या एका ठेकेदाराची जुनी जीप घेतली, पांढरा रंग दिला आणि दोन्ही बाजूंना देणगीदारांची नावं लिहिली. नावं इतकी झाली की ‘रुग्णवाहिका’ या शब्दाला जागाच उरली नाही. तो मागच्या फळीवर गेला, लहान अक्षरांत. तुमचं नाव ड्रायव्हरच्या दाराला आहे, भिलाईसकट. उद्घाटनाला मांडव, भोंगा, पाहुण्यांना शाल, सगळ्यांना भजी आणि बुंदी. त्यावर कोणी हरकत घेतली नाही, कारण यातलं काहीच ‘पगार’ नव्हतं. मग मी तुमची अट वाचून दाखवली. टाळ्या पडल्या. यशवंतराव तर एवढे भारावले की कोणालाच, कधीच, एक पैसाही पगार द्यायचा नाही असा ठराव झाला. त्यांचीही चूक नाही म्हणा. मागे त्यांनी एका वसतिगृहाला मोठी देणगी दिली होती; तिथल्या व्यवस्थापकाचा पगार वाढला, त्याच्या बुडाखाली मोटारसायकल आली, आणि पोरांच्या ताटातल्या वरणात ताटाचा तळ दिसायचा. तेव्हापासून पगार शब्द ऐकला की यशवंतरावांच्या कपाळाची शीर उडते.

आता पगार नाही म्हणजे ड्रायव्हर नाही. म्हणून ज्यांना गाडी चालवता येते त्यांनी पाळीपाळीनं सेवा द्यायची ठरली. असे दोघं निघाले. एक मनोहर शिंपी, ज्याला स्कूटर येते, आणि दुसरे नत्थूजी, ज्यांना ट्रॅक्टर येतो. डिझेलचं म्हणाल, तर ते पुढच्या पाळीवाला भरेल अशी दोघांचीही एकमेकांवर पक्की श्रद्धा होती.

मागच्या महिन्यात शनिवारी आमच्या मागच्या आळीतल्या लीलाबाईची सून शोभा अडली. सुईण म्हणाली की माझ्या हातचं काम राहिलं नाही, सौंसरच्या दवाखान्यात न्या. पाळी नत्थूजींची. ते धावत आले, मीही सोबत बसलो, पण जीप त्यांनी ट्रॅक्टरसारखीच चालवली, म्हणजे मागे नांगर लावला आहे अशी. एका बैलगाडीनं आम्हाला ओलांडलं. (गाडीवान वळून पाहत होता. मी मान फिरवली.) लीलाबाई सुनेचा हात धरून एकसारखी ‘झालंच बाई, आलंच सौंसर’ म्हणत होती आणि सौंसर काही येत नव्हतं. जामसांवलीच्या फाट्यावर तिथल्या हनुमानाच्या दर्शनाला निघालेल्या दोन म्हाताऱ्यांनी हात दाखवला. नत्थूजी त्याचे भक्त, ते थांबले. म्हाताऱ्यांना वाटलं सवारीची जीप आहे. त्या आत येऊन बसल्या, शोभाला पाहिलं आणि दोघींनी दोन उलट सल्ले द्यायला सुरुवात केली. तेवढ्यात जीप दोनदा खोकली आणि बंद पडली. डिझेल संपलं होतं.

भाऊजी, मी उतरून धक्का मारू लागलो. नत्थूजी उतरले, लीलाबाई उतरली, म्हाताऱ्याही उतरल्या. जीप हालेना. दोन कळांच्या मधे शोभानं बाहेर डोकं काढून विचारलं, “काकाजी, मी उतरू का? एक मानूस कमी पडून राहिला वाटते.” मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. पोरीचा चेहरा पांढराफटक झाला होता.

फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर गुलाब नावाचा ट्रक ड्रायव्हर बसला होता. मालकानं ट्रक विकल्यामुळे रिकामा. तो उठला, उभ्या असलेल्या एका ट्रकवाल्याकडून डबाभर डिझेल आणलं, इंजिनात काहीतरी खटपट केली, नत्थूजींना मागे बसवलं आणि निघाला. मी ‘सावकाश’ म्हणेपर्यंत दवाखान्याचं फाटक आलं. शोभाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. दोन्ही म्हाताऱ्या दर्शन सोडून ओसरीवर बसून होत्या. बाळाचं तोंड पाहूनच गेल्या.

मी गुलाबला हात जोडून म्हटलं की बाबा, तुझ्या हातून मोठी सेवा घडली. तो म्हणाला, “सेवा तुमची हाय बाबूजी. माह्यं काम हाय. कामाचे पैशे द्या.” मी खिशातून दिले.

पुढच्या बैठकीत मी गुलाबला पगारावर ठेवायचा विषय काढला. यशवंतरावांनी तुमची अट पुन्हा वाचायला लावली. लीलाबाई दारातच उभी होती. ती सरळ आत आली. “म्या बी पैशे देल्ले, आध्यक्ष. जीप उभी ठेवाले नाही देल्ले. अन हे भिलाईवाले कोन? ते कारखान्यात बिनतनख्याचे जातेत का?” (भाऊजी, हे शब्द तिचे आहेत. मी फक्त कार्यवृत्तात लिहिले. ठळक अक्षरांत.)

मग यशवंतराव हळू आवाजात म्हणाले, “अन उद्या सारा पैसा तनख्यातच गेला तर? मी एकदा पाह्यलं हाय, लीलाबाई.”

“तं पाहाले आपन हाओत ना!” ती म्हणाली. “मागच्या वेळी देऊन घरी जाऊन बसले असान तुमी.”

मग यशवंतरावांनी स्वतःच ठराव सांगितला: गुलाबला पगार द्यायचा, आणि दर महिन्याचा सारा खर्च शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर खडूनं लिहायचा. पगार, डिझेल, दुरुस्ती, आणि बैठकीची भजीसुद्धा. भज्यांचा आकडा पाहायला पहिल्या दिवशी एवढी गर्दी जमली की दुसऱ्या दिवसापासून भजी बंद. आता बैठका चटकन उरकतात. यशवंतराव रोज संध्याकाळी भिंतीपुढे उभे राहून खर्च वाचतात आणि खुशीत घरी जातात. गुलाब काही देवमाणूस नाही. रोगी आत कण्हत असला तरी आरशात भांग पाडल्याशिवाय निघत नाही, आणि हॉर्न असा वाजवतो की रोगी उठून बसतो. पण जीप जाते आणि पोचते.

ताईला नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

आपला,
दादाराव

ता. क. — बाकीच्यांच्या देणग्या जीप, रंग आणि उद्घाटनात संपल्या होत्या. शिल्लक फक्त तुमची होती. म्हणजे गुलाबचा पहिला पगार तुमच्याच पैशातून गेला आहे. तरी अट मागे घेतल्याचं दोन ओळींचं पत्र पाठवावं. त्यावर तारीख ऑक्टोबरची टाकावी.

ता. क. २ — भाऊजींना वत्सलाचा जयभीम. हे पोस्टात टाकायला माझ्या हाती दिलं, म्हणून वाचलं. यांनी एक गोष्ट लिहायची राहू दिली. गुलाबच्या मागोमाग सचिवालाही मानधन द्यायचा ठराव झाला आहे. तो यांनीच मांडला. अनुमोदनाला कोणी तयार होईना, म्हणून नत्थूजींना आदल्या दिवशी घरी जेवायला बोलावलं. त्या जेवणाचा खर्च मात्र आम्ही समितीला लावला नाही.