शिवांगीसाठी घातलेलं गाऱ्हाणं

११ जानेवारी
आज शिवांगीने अख्खी कविता म्हटली! सूनबाईला ऐन तिशीत पक्षाघात झाला. बोलताना शब्द सापडत नाहीत, पण चालीवर म्हटलं की येतात. म्हणून सकाळी पडवीत आमची कवितांची शाळा. नांदगावच्या शाळेत गुरुजी टेबलावर पट्टी आपटत ताल द्यायचे, तसा मी पाटावर देतो. आमची ही, कावेरी, म्हणते, "तुमच्या कवितांनी नातू नाय येवचो!"

१४ जानेवारी
शिवांगीच्या मोबाइलवर तिच्यासारख्याच तरुण रुग्णांचा गट आहे; त्यांचे निरोप तिने मला ऐकवले. विषय एकच — मूल होऊ द्यावं का? फोंडाघाटची एक म्हणे डाव्या हाताने बाळ सांभाळते. एकाला धास्ती, हातातून निसटलं तर? एक वैतागलेली — आई झाले तरच मी बरी झाले, असं का धरतात सगळे?
मी ऐकतच राहिलो. आमच्या वेळी हे कुणी विचारलंच नव्हतं! तुझं काय, असं शिवांगीला विचारणार होतो. जिभेवर आलेलं परत गेलं.

१९ जानेवारी
ग्रामदैवत रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं. कावेरीने परस्पर ठरवलेलं. गुरव म्हणाला, "ह्या लेकराक बरा कर, घरात पाळणो हलू दी रे म्हाराजा!" आम्ही सगळे — "व्हय म्हाराजा!" शिवांगीचं "व्हय" सगळ्यांच्या मागून आलं, पण स्वच्छ.
पुष्करचे ओठ मिटलेले. माझाच मुलगा — मला दिसलं.

२० जानेवारी
पुष्करला विचारलं. तिच्या जिवाची भीती वाटते म्हणाला, डॉक्टरही नकोच म्हणतील. पटलं. झटका येऊन न्हाणीत पडली तेव्हा तिला त्यानेच तर उचललं होतं.

२७ जानेवारी
दोघांबरोबर डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या बदलाव्या लागतील, फार जपावं लागेल, पण मूल होऊ द्यायला हरकत नाही, म्हणाले. शिवांगी हसली — अजून एकाच बाजूने.
परतताना गाडीत पुष्कर नवनवी कारणं काढत होता. तिने बराच वेळ ऐकून घेतलं. मग थांबत थांबत म्हणाली, "तुका नको... तर तसा सांग. माझ्या दुखण्यार... ढकलू नको."


२८ जानेवारी
पुष्कर पडवीत माझ्याजवळ येऊन बसला.
"बाबा, माका पोर आदीपासूनच नको होता. ती आजारी पडली, मगे सांगुची गरजच उरली नाय."