कामापुरतं काढलेलं मंगळसूत्र

बमरोली, सुरत
२४ ऑक्टोबर १९७२

तीर्थरूप आप्पांच्या चरणी मालतीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण आठ दिवस मी दवाखान्याच्या ओट्यावर काढले. तुमचे चिरंजीव सुखरूप आहेत, हे आधी सांगते. डावा डोळा शाबूत आहे. उजव्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. डॉक्टर म्हणतात, काही महिने जाऊ देत, मग बघू.

खंडेनवमीला झालं. तुम्हाला ठाऊकच आहे, पांडेसऱ्याच्या रंगाच्या मिलमधून सुटले की हे मोटारीच्या बॅटऱ्या भाड्याने देतात. नवरात्रात इकडे गल्लोगल्ली गरबा, आणि जिथे वीज पोचलेली नाही तिथला लाऊडस्पीकर आमच्या बॅटरीवर बोलतो. त्यामुळे चार बॅटऱ्या सकाळपासून मागच्या खोलीत चार्जिंगला लावलेल्या होत्या. गावी तुम्ही नांगर-विळा पुजता तशा आम्ही बॅटऱ्या पुजल्या. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. वाऱ्याने निरांजन विझू नये म्हणून दार-खिडकी लावून घेतली. मी ओवाळायला निरांजन पुढे केलं, हे नमस्काराला वाकले, आणि बॅटरी फुटली. आतलं सगळं ॲसिड ह्यांच्या तोंडावर.

चार्ज होताना बॅटरीतून वायू निघतो आणि तो पेट घेतो. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. त्या खोलीत कोणी बिडी काढली की हे त्याला बाहेर हाकलत असत. पण निरांजन म्हणजे आग, हे दोघांच्याही मनात आलं नाही. देवाच्या दिव्याला आग कोण म्हणतं?

शेजारच्या रंभाबाई तूप लावा म्हणत होत्या, दुसरं कोणी दूध घाला म्हणत होतं. मी कोणाचं ऐकलं नाही. मिलमध्ये अंगावर ॲसिड उडालं की माणसाला नळाखाली धरतात, हे ह्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. मी पापण्या बोटांनी उघड्या धरल्या आणि पिंप रिकामं होईपर्यंत तांब्याने पाणी ओतत राहिले. हे ओरडत होते, मला नाही नाही ते बोलत होते. त्या पाण्याने एक डोळा वाचला, असं डॉक्टर म्हणाले.

निरांजन माझ्या हातात होतं, आप्पा. लपवत नाही. मला सुचलं नाही हा माझा गुन्हा, त्याची बोलणी खाईन. पण कोणी माझ्या पायगुणाबद्दल बोललं तर मी ऐकून घेणार नाही.

सासूबाईंना वाचून दाखवाल तेव्हा पाण्याचा भाग आधी वाचा. रागवा, पण माया पातळ करू नका.

तुमची सून
मालती


पिंपळखेडे, ता. अमळनेर
३ नोव्हेंबर १९७२

चि. सौ. मालतीस धुडकू पाटलाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. तुझी सासू दोन दिवस जेवली नाही. तू पाणी ओतलंस ते शहाणपणाचं केलंस, हे मी चार माणसांत बोलून दाखवलं. पण आता पुरे. उरलेल्या बॅटऱ्या विकून टाका आणि गावी या. इकडे पाऊस नाही, विहिरीचा तळ दिसतो आहे, हे खरं. तरी जी भाकरी असेल ती मोडून सगळे खाऊ.

पूजेत तुमचं चुकलं असणार. हत्याराची पूजा पुरुषाने करायची असते, आणि असल्या वस्तूला बाईमाणसाने हात लावू नये. माझ्या उशाशी तीन सेलची बॅटरी दहा वर्षं आहे. सेल थकले की मी ते चुलीच्या कडेला शेकतो, की पुन्हा उजेड देतात. तुझ्या सासूला मी तिचं बटणसुद्धा दाबू दिलेलं नाही. म्हणून या घरात कधी अपघात नाही.

सुकलालच्या डोळ्यात औषध वेळेवर घाल. तो लहानपणापासून औषध चुकवतो. आमचा जीव तिकडेच आहे, हे ध्यानात असू द्यावं.

तुझा सासरा
धुडकू पाटील


बमरोली, सुरत
२२ नोव्हेंबर १९७२

तीर्थरूप आप्पांच्या चरणी मालतीचा नमस्कार. वि. वि.

बॅटऱ्या विकल्या नाहीत आणि विकणार नाही. ह्यांना रंगाच्या वाफेत जायला डॉक्टरांनी मनाई केली, म्हणजे मिल सुटली. राहिल्या तीन बॅटऱ्या. त्यांच्यावरच घर चालायचं आहे, आणि ॲसिडजवळ ह्यांना मी आता फिरकू देत नाही. मग उरलं कोण? मी.

उधन्याला लॉऱ्यांच्या गॅरेजमध्ये छगनभाई म्हणून एक म्हातारे बॅटरीचे मिस्त्री आहेत. मी शिकवा म्हटलं तर त्यांनी मला हाकलून दिलं. मी टायरवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी गुजरातीत मनसोक्त शिव्या दिल्या आणि माझ्या हातात रबरी मोजे फेकले. तेच माझं शाळेत नाव घालणं झालं म्हणा.

आता आमच्या खोलीचं दार चार्जिंग चालू असताना कधी लागत नाही. वर छपराखाली झरोका पाडून घेतला आहे. चिमटे लावायचे-काढायचे ते आधी वीज बंद करून. ॲसिड पातळ करायचं तर पाण्यात ॲसिड घालायचं, थेंबाथेंबाने. उलटं केलं तर ते उसळून अंगावर येतं. बॅटरीत विहिरीचं पाणी चालत नाही, बाटलीतलं शुद्धच लागतं. ठिणगी उडू नये म्हणून पान्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली आहे. दाराशी पाण्याचं पिंप भरलेलं, शेजारी ॲसिड मारायला धुण्याच्या सोड्याचा डबा, आणि त्या पिंपातला एक तांब्यासुद्धा मी कोणाला पिऊ देत नाही. रंभाबाईंना त्याचा राग आला आहे.

तुमच्या तीन सेलच्या बॅटरीबद्दल छगनभाईंना विचारलं. ते म्हणाले, सेल शेकणारा म्हातारा अजून जिवंत आहे हेच नवल. शेकलेला सेल आतून फुगतो, फुटतो, आणि चुलीपाशी तर सासूबाई बसतात. तेव्हा बटणाला हात लावू न देणाऱ्यांनी आधी चूल मोकळी करावी, ही सुनेची नम्र विनंती. थकलेले सेल नव्यांच्या जोडीला घालू नका, आणि बॅटरी वापरायची नसेल तेव्हा सेल काढून ठेवा.

औषध वेळेवर चालू आहे. चुकवायला बघतात, पण मी पापण्या उघड्या धरायला शिकले आहे. तुमचा हात डोक्यावर राहू द्या.

मालती


पिंपळखेडे
१४ डिसेंबर १९७२

चि. सौ. मालतीस आशीर्वाद.

हे पत्र मी रागात लिहितो आहे, तसंच वाच.

रंभाबाई लग्नाला गावी आल्या होत्या. त्यांनी पाणवठ्यावर, सगळ्या बायकांदेखत सांगितलं की पाटलांची सून रोज सकाळी गळ्यातलं मंगळसूत्र काढते आणि मोकळ्या गळ्याने हिंडते. माझा मुलगा जिवंत असताना. तुझी सासू हंडा न भरता घरी आली.

मला हे खोटं असल्याचं पत्र हवं आहे. खोटं असेल तर मी रंभाबाईंना बघून घेईन. खरं असेल तर मात्र ऐक. एक डोळा गेला आहे. दुसऱ्या डोळ्याची आणि त्याच्या जिवाची तुला काळजी नसेल, तर आम्हाला आहे. संक्रांतीच्या आत मी सुरतेला येतो आणि सुकलालला घेऊन जातो. तुला यायचं असेल तर मंगळसूत्र गळ्यात घालून ये, आणि पुन्हा बॅटरीला हात लावणार नाही असा शब्द देऊन ये. नाही तर तू आणि तुझ्या बॅटऱ्या तिथे राहा.

उत्तर लवकर यावं. पुढची माया त्याच्यावर अवलंबून आहे.

धुडकू पाटील


बमरोली, सुरत
२० डिसेंबर १९७२

तीर्थरूप आप्पांच्या चरणी मालतीचा नमस्कार. वि. वि.

खरं आहे. रंभाबाईंना काही बोलू नका, त्या खोटं बोललेल्या नाहीत. फक्त कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांनी मला विचारलंच नाही.

आमच्या बॅटरीच्या डोक्यावर शिशाच्या पट्ट्या उघड्या असतात. गेल्या महिन्यात मी पाणी बघायला वाकले आणि मंगळसूत्र पुढे लोंबलं. दोन वाट्या दोन पट्ट्यांना टेकल्या. ठिणगी अशी उडाली की मला क्षणभर काही दिसेना. एक वाटी कडेने वितळली, आणि मानेवर तारेने भाजल्याचा वळ अजून आहे. दार उघडं होतं म्हणून वायू साचला नव्हता. ते लागलेलं असतं तर आप्पा, तुम्हाला हे पत्र आलं नसतं. छगनभाईंना सांगितलं तर ते म्हणाले, गळ्यात सोनं ठेव नाहीतर हातात बॅटरी धर, दोन्ही जमणार नाही. पदराखाली खोचून बघितलं, वाकलं की बाहेर येतं. हातातल्या पाटल्याही मी काढते. काचेच्या बांगड्या ठेवते, काचेतून वीज जात नाही.

पहिल्या दिवशी मी ते दाराच्या खुंटीला अडकवलं. तुमचे चिरंजीव बाहेर खाटेवर बसले होते. त्यांनी उठून ते खुंटीवरून काढलं आणि आपल्या गळ्यात घातलं, सदऱ्याच्या आत. म्हणाले की खुंटीपेक्षा इथे बरं राहील. तेव्हापासून रोज सकाळी मी ते त्यांच्या गळ्यात घालते आणि काम संपलं की ते माझ्या गळ्यात घालतात. तुम्हाला लाज वाटेल, पण लग्नात त्यांनी एकदाच घातलं होतं, आता रोज घालतात.

तुम्ही विचारता, त्यांच्या जिवाची मला काळजी आहे का. पूजेच्या दिवशी मंगळसूत्र माझ्या गळ्यातच होतं. हळदकुंकू, निरांजन, सगळं जिथल्या तिथे होतं. तरी डोळा गेला. दुसरा वाचला तो पिंपातल्या पाण्याने. मला बोलायचं तर त्या दिवसाबद्दल बोला, मी खाली मान घालून ऐकेन. मंगळसूत्राबद्दल ऐकणार नाही. मी मेले तर ते कोणाच्या गळ्यात राहणार आहे?

या महिन्यात सहा डिसेंबरला पांडेसऱ्यात बौद्ध वस्तीची सभा झाली. चार तास भाषणं, आणि एकदाही आवाज बसला नाही. बॅटऱ्या माझ्या होत्या. सभा संपल्यावर बाजीराव म्हणून त्यांचे पुढारी आले आणि पुढच्या एप्रिलच्या जयंतीसाठीही त्यांनी बॅटऱ्या सांगून ठेवल्या. त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं नाही.

तुम्ही या. तुमच्यासाठी अंथरूण घालून ठेवते. तुमच्या चिरंजीवांना न्यायचं तर त्यांना विचारून न्या, ते इथेच आहेत आणि तुमचं पत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आहे. ते म्हणाले, मी येत नाही असं लिही. मी लिहिलं. शब्द मात्र मी देणार नाही. माया कमी केलीत तरी माझ्याकडून कमी होणार नाही.

मालती


पिंपळखेडे
९ जानेवारी १९७३

चि. सौ. मालतीस सासू काशीबाईचे आशीर्वाद.

लिहिते आहे तुझी नणंद शोभा. मी सांगेन तेच लिही, आपल्या पदरचं घालू नकोस, असं तिला बजावलं आहे.

तुझं पत्र ह्यांनी मला वाचून दाखवलं नाही. कोटाच्या खिशात घालून हिंडत होते. शोभाने ते काढलं आणि मला वाचून दाखवलं, पुन्हा एकदा वाचून दाखवलं, आणि परत खिशात ठेवलं. काल सकाळी हे सुरतेला निघायची पिशवी भरायला बसले. मी त्यांच्या समोर बसले आणि गळ्यातलं मंगळसूत्र काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

पस्तीस वर्षांत ते निघालेलं नव्हतं. बाळंतपणातसुद्धा नाही. खालची कातडी पांढरी पडली होती. हे आधी ओरडले, मग उठून दार लावून आले, मग हळू आवाजात ओरडले. मी म्हटलं की सुनेने काढलं तर तुमच्या मुलाला धोका आहे असं तुम्हीच लिहिलंत, तर आज दिवसभर मी काढते आणि बघू काय होतं ते. आपल्या घरात बसून बघू, पाणवठ्यावर जाऊन कोणाला विचारायला नको.

हे ओसरीवर जाऊन बसले. एकदा स्वतःची नाडी बघताना मी पाहिलं. दुपारी भूक लागली, दोन भाकरी खाल्ल्या, ठेचा तिखट झाला म्हणून बोलले. मग झोपले. मी उंबऱ्यात बसून त्यांचं घोरणं ऐकत होते. मालती, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू, मधेच घोरणं थांबलं तेव्हा मी ताडकन उठले. धावत जाऊन पाहिलं. कुशीवर वळले होते.

दिवेलागणीला त्यांनीच ते मंगळसूत्र उचलून माझ्या हातात दिलं. मी घातलं. मग त्यांनी पिशवीतलं धोतर काढून खुंटीला लावलं.

कोणी तुला न्यायला येत नाही, कोणी सुकलालला न्यायला येत नाही. कामापुरतं काढत जा आणि काम झालं की त्याच्याकडून घालून घेत जा. रंभाबाईने किंवा आणखी कोणी विचारलं तर सासूने सांगितलं आहे म्हणून सांग.

तुझी सासू
काशीबाई
(अंगठा)