सासूबाईंचं नाव आणि माझा आवाज

तीर्थस्वरूप वाइस्वादादा यांस,

धाकट्या तेन्वाचा नमस्कार. तू माझ्यापेक्षा पाऊण तासानेच मोठा (सुईण म्हणायची, मधल्या वेळात तिने रताळी उकडून खाल्ली), तरी नमस्कार वाकूनच करतो. तुझे गुडघे बरे असावेत अशी रोज प्रार्थना करतो, कारण तुझे दुखले की मागोमाग माझे दुखतात.

त्या मंगळवारी सकाळी मी सासूबाईंच्या अंगणात फणसाच्या झाडामागे उभा होतो, काखेत त्यांच्या देहाला गुंडाळायचं झाडाच्या सालीचं कापड घेऊन. जावयाने सासूसमोर यायचं नाही, बोलायचं नाही. बावीस वर्षं पाळलं, आणि त्या गेल्या तेव्हाही मी झाडामागेच. रेडिओ खुर्चीवर ठेवून सगळे निधनवार्ता ऐकायला बसले होते. आणि रेडिओवर माझा आवाज सुरू झाला.

सासूबाईंचे भाऊ कितिंबो उठून झाडामागे आले. "जावईबापू, तुम्ही इथे आहात की तिथे?"

"इथेच आहे, मामा."

"मग तिथे कोण बोलतंय?"

"मशीन आहे. मी सही करून आवाज दिलाय त्याला."

"असं होय. मग रडायलाही एखादं आणायचं होतं. आमच्या बायकांचे घसे तरी वाचले असते."

दादा, टोमण्याचं काही वाटलं नाही. पण तुला ठाऊक आहे, निधनवार्ता वाचताना गेलेल्याचं नाव घेतलं की मी थांबतो (मनात एक छोटी प्रार्थना होईल इतकाच). शेतातल्या माणसाला कुदळ खाली ठेवायला तेवढा वेळ लागतो. रेडिओ केंद्रावरच्या साहेबांना ती रिकामी जागा खटकायची. मशीनने ती बुजवली. सासूबाईंचं नाव घेऊन माझा आवाज श्वासही न घेता साबणाच्या जाहिरातीत शिरला, आणि तिथे जास्त रमला.

त्यांच्याशी बोलायला मला एवढी एकच जागा होती रे. मी रेडिओवर वाचायचो, त्या ऐकायच्या, आणि माझ्या बायकोकडून, नाइगागाकडून, निरोप यायचा, की आज जावयाने घाई केली, उपाशी होता वाटतं. मार्चमध्ये मी सही केली (गुडघे, पहाटेची सायकल, खरं कारण आळस, ते देवाला ठाऊक आहे). एप्रिलमध्ये निरोप आला, की आवाज जावयाचाच आहे, पण घरात कोणी नाही. मी हसलो. तुला सांगितलं तर तूही हसलास.

माती झाल्यावर मी केंद्रावर जाऊन आवाज परत मागितला. साहेब म्हणाले, "तेन्वा, तो तुझ्या घशात आहेच की. आम्ही कुठे काढून घेतलाय?" मी सायकल काढून घरी आलो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
तेन्वा

ता.क. खरं काम आता लिहितो. मी निघताना साहेबांनी सहज विचारलं, तुझा जुळा भाऊ जिंजाला नेमका कुठे राहतो? आपले आवाज आईलाही वेगळे ओळखता येत नसत. ते तुझ्याकडे येतील, गोड बोलतील. सही करू नकोस.

आणखी एक. पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं, म्हणून लिहितो. आज पहाटे सायकलने केंद्रावर गेलो, सही मागे घेतल्याचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि निधनवार्ता वाचायला स्वतः बसलो. सासूबाईंचं नाव सगळ्यात आधी घेतलं आणि थांबलो. साहेब काचेपलीकडून हात हलवत होते. मी प्रार्थना पुरी केली, आणि मगच पुढचं नाव घेतलं.