फ्लॉपीचा वेग, सुईची भूक

६ जानेवारी

माफ कर वही, फार उशिरा उघडतोय तुला. बकरी ईदनंतर एक ओळ नाही! हात कापतो, चष्मा बदलायचाय — सबबी खूप. आज राग आलाय, म्हणून लिहितो.

वसीम म्हणतो, मशीन विकायचं. आमच्या चौक मंडईच्या कारखान्यातलं एम्ब्रॉयडरीचं मशीन! "अब्बा, फ्लॉपीवर चालणारं मशीन आता भंगारवालापण तोंड वाकडं करून घेतो." म्हटलं, आधी रिदाची, तुझ्या पोरीची, ओढणी होईल. पंचवीस तारखेला तिचा निकाह. नातीला काठावर अंगूरवेलच हवी. अरफाने काढलेली.

अरफा माझी मुलगी. कारखाना वसीमच्या नावे केला म्हणून रुसली, नवऱ्याबरोबर सुरतेला गेली. सहा वर्षं फोन नाही. मीही केला नाही. का करू?

वेलीची फ्लॉपी माझ्याकडे आहे. आज मशीनमध्ये घातली — कुर्रर्र, आणि लाल दिवा. मशीनला वाचताच येईना.

८ जानेवारी

लाल दिवा.

९ जानेवारी

वसीम म्हणतो, फ्लॉपी स्लो असते. मशीनला पेनड्राइव्हची खाच बसवू, मग गिऱ्हाईक तरी मिळेल.

स्लो? रिक्षा केली, गंगापूर रोडच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मनालीला म्हटलं, दोन्हींचा वेग कागदावर लिहून दे. फ्लॉपी पाचशे. पेनड्राइव्ह चारशे ऐंशी. वीसने जिंकलो! जेवताना सगळ्यांना ऐकवलं.

रिदाला हसून ठसका लागला. "दादा, हे किलोबिट, ते मेगाबिट. हजारपट फरक!" वर आणि आठाने भागायचं म्हणे, आठ बिटांचा एक बाइट होतो. मी म्हटलं, आमच्या वेळी पाचवीपर्यंत असला भागाकार नव्हता. वसीम म्हणाला, "भागाकार होता अब्बा, तुम्हीच वर्गात नव्हता."

सगळे हसले. मलाही हसू येत होतं. दाबलं.

१० जानेवारी

सकाळपासून पाटीवर भागाकार. पाचशे किलोबिट भागिले आठ — फ्लॉपी सेकंदाला बासष्ट हजार बाइट देते. आता सुई घे. एका टाक्याला तीन बाइट, हे मशीन बसवतानाच शेखर मेकॅनिकने सांगितलं होतं. सुई सेकंदाला दहा टाके मारते. म्हणजे तिची भूक तीस बाइटची! समोर बासष्ट हजारांचं ताट. पेनड्राइव्ह सहा कोटींचं वाढेल. पण खाणारी सुई तीच ना? मग कशाला नवी खाच! नाही बसवणार.

वसीमने सगळं ऐकून घेतलं. "मान्य, अब्बा. पण तुमचं ताट रिकामं आहे. लाल दिवा."

मी आवाज चढवला.

१२ जानेवारी

आमच्याकडे चतुराबाई धागे कापायला येते, सुरगाण्याकडची. आज तिच्या हातून सुई पडली. पडलेली सुई कारखान्यात हाताने चाचपत नाहीत — पायात गेली तर! जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक जमिनीवरून फिरवतात. "भाई, चुंबक कुठं हाय?" मला आठवेना. तिनेच शोधलं. फ्लॉप्यांच्या डब्याच्या झाकणाला चिकटलेलं होतं! "तुमीच लावलाय भाई, हरवू नाय म्हनून," ती म्हणाली. सापडलं म्हणून खूश.

रिदा तिथेच उभी होती. तिचा चेहरा उतरला. "चुंबकाने फ्लॉपी पुसली जाते, दादा."

मशीनचा दोष नव्हता. वेगाचा तर नव्हताच. मी मशीन पुसत बसलो. स्वच्छ होतं, तरी.

१३ जानेवारी

वसीमला सांगितलं नाही. रिदानेही नाही. एवढंच म्हणाली, "अरफा फुफींकडे वेल असेलच. फोनवर दोन सेकंदांत येईल."

दोन सेकंद! सहा वर्षं भागिले दोन सेकंद, कर म्हटलं आता तू भागाकार.

मी फोन करणार नाही. बाजारात काय वेली नाहीत?

१५ जानेवारी

बाजारची वेल बघितली. नाशिकचा माणूस द्राक्षाची पानं ओळखत नाही की काय? भेंडीची पानं होती ती! परत केली.

१६ जानेवारी

केला. म्हणजे रिदाने नंबर लावून दिला, मी आवाज भरून पाठवला. "अरफा, अब्बा बोलतोय. रिदाचा निकाह आहे. अंगूरवेल पाठव. माझ्याकडची पुसली — माझ्याच हाताने." कारखान्याबद्दल एक शब्द बोललो नाही. बोलणारही नाही.

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर नाही.

१८ जानेवारी

उत्तर नाही. फोन नीट चालतोय का, हे रिदाला इतक्यांदा विचारलं की तिने तो माझ्या हातातच देऊन टाकला. अख्खा काठ भरायला वेळ लागतो, हे तिला माहीत नाही का? तिलाच तर माहीत आहे!

वसीम म्हणाला, मंगळवारी एक माणूस मशीन बघायला येतोय. म्हटलं, येऊ दे. चहा पाजतो आणि वाटेला लावतो.

२० जानेवारी

माणूस चहा पिऊन गेला. मशीन जागेवर आहे.

आणि अरफाचा आवाज आला! "अब्बा, फाइल पाठवणार नाही. हातात देईन. फ्लॉपी घेऊन उद्या बसने निघतेय. मशीनचा ड्राइव्ह पुसून ठेवा."

वेलीत एकवीस हजार टाके. त्रेसष्ट हजार बाइट. सुरतेहून घाट चढून बसला सहा तास. सेकंदाला पडले तीन बाइट — एक टाका! इतका कमी वेग मनालीच्या कागदावरसुद्धा नाही. हसा म्हणावं आता. मला हाच पाहिजे.

पोरी, बस सुटली की कळव. लगेच कळव.