‘मिजास’ची बदनामी

१२ जानेवारी

रोनकच्या नव्या फाँटची जाहिरात पाहिली. नाव — ‘मिजास’. खाली एकट्याचं नाव! जळगावात आमच्या फलकांच्या दुकानाच्या माळ्यावर तीन वर्षं बसून आम्ही दोघा भागीदारांनी काढलेली अक्षरं. क, ळ, सगळे उकार माझे. पप्पांनी जागा दिली. आणि हा धुळ्याला जाऊन मालक झाला!

१३ जानेवारी

फोन केला. म्हणतो, “जिनल, तू मधेच सोडलंस. पूर्ण मी केलं.”

सोडलं? पप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं! माहीत होतं त्याला. फोन कापला.

२० जानेवारी

आज अक्षर नीट निरखलं. शत्रूला निरखावं तसं. देखणं आहे मेलं! दांडा पैलवानासारखा जाड, आडवी रेघ केसाएवढी. टोकांना इंग्रजी अक्षरांसारख्या सेरिफ, म्हणजे बारीक शेपट्या — बोचतील अशा. रफाराचा तोरा तर बघवत नाही. हळू बोलणं याला जमतच नाही. चार ओळी लावल्या, तर सगळी अक्षरं एकमेकांवर ओरडायला लागली. एखादाच शब्द हवा, मोठ्ठा, मिरवायला. मालकासारखंच.

रोनकला म्हणे यासाठी अत्तरवाले, पैठणीवाले, मोठी हॉटेलं हवीत. देतेच त्याला गिऱ्हाईक!

२ फेब्रुवारी

फाँट रीतसर विकत घेतला. आता माझ्याकडचा प्रत्येक फलक यातच. बोअरवेल. मूळव्याध. ‘येथे लघवी करू नये’.

फ्लेक्स छापणारे चांदभाई म्हणाले, “इतकं नटवलंय बेटा, लोक वाचायलाच थांबतील तिथे!”

खूप दिवसांनी हसले.

१ मार्च

पाचोऱ्यापासून यावलपर्यंत लागलंय. मिरव म्हणावं आता!

रोनकचा मेसेज — ‘मुद्दाम करतेस ना?’

कळू दे.

९ मार्च

उलटंच झालं! यावलचा बोअरवेलवाला दुकानात येऊन म्हणतो, “अक्षर भारी शे, ताई! मना बठ्ठा बोर्ड असाच करी द्या.” सगळेच बोर्ड यात हवेत त्याला, धावत्या एसटीतूनही नाव दिसतं म्हणे. त्याच्या मागोमाग आणखी दोघे. त्यांनाही तेच अक्षर.

म्हणजे मी त्या हलकटाची जाहिरातच करत होते!

पप्पा म्हणाले, “भांड खुशाल. पण आधी जेव.”

१० मार्च

जेवले नाही.

२२ मार्च

परवा पप्पा गेले.

श्रद्धांजलीचा फलक मीच करायला बसले. साधी, सरळ अक्षरं लावून पाहिली. ‘दीपचंद’ हे त्यांचं नाव कुठल्याच अक्षरात पप्पांसारखं दिसेना. शेवटी ‘मिजास’ लावलं — दिसले! पण ‘दी’ची वेलांटी वरातीत नाचावी तशी उडालेली. हात पुढे चालेना.

रोनक धुळ्याहून आला. न कळवता. शेजारी खुर्ची ओढून बसला, माझ्या हातातून माउस घेतला. वेलांटी थोडी थोडी करत खाली उतरवली.

“पप्पांवर ही नाचायला नको,” म्हणाला.